पद्मिनीच्या स्टिअरिंगवर हॉर्नचे दुसरे बटण बसवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंग मूळचेच. हॉर्नचे बटण मधोमध तडकले म्हणून बाजारातून दुसरे आणले. ते पूर्ण दाबून बसवले की हॉर्न वाजतच राहतो. अर्धवट बाहेर ठेवले तर गप्प बसतो, पण डावीकडे पूर्ण वळवताना एकदा तरी ओरडतोच. मेकॅनिक म्हणतो, "बटण बाद आहे, डॅशबोर्डखाली बेलचे बटण लावून देतो."

ते बेलचे बटण लावू नका. आणि नवे बटणही लगेच परत करू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून गाडीत दोन वेगवेगळे दोष आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे सगळे खापर बटणावर फुटते आहे. पूर्ण बसवल्यावर वाजतच राहणे हा खोलीचा प्रश्न आहे: नव्या बटणाचा आतला भाग तुमच्या स्टिअरिंगच्या खोबणीपेक्षा लांब आहे. वळताना वाजणे हा त्याच्या खालचा दोष आहे आणि तो बहुधा जुने बटण असतानाही होता. बटण बाहेर काढून ठेवले तरी तो तसाच राहील. म्हणून आधी खालचा दोष काढायचा आणि मग बटणाकडे वळायचे. क्रम उलटा केलात तर दहा बटणे बदलूनही हॉर्न तुमचे ऐकणार नाही.

हॉर्नची वायरिंग त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत एकाच तत्त्वावर चालते. बॅटरीकडून येणारा करंट फ्यूजमधून थेट हॉर्नपर्यंत जातो, हॉर्नच्या आतल्या कॉइलमधून बाहेर पडतो आणि एका तारेने स्टिअरिंगच्या कॉलममधून (स्टिअरिंगखालच्या नळीतून, जिच्या आत शाफ्ट फिरतो) वर येऊन बटणापाशी थांबतो. बटण दाबले की त्या तारेचे टोक गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला टेकते आणि सर्किट पूर्ण होते. म्हणजे बटण करंट 'पाठवत' नाही, ते फक्त अर्थ जोडते. यातूनच तुमच्या दुसऱ्या दोषाचे उत्तर निघते. कॉलममधून वर येणारी ती तार वाटेत कुठेही सोलली, तिचा एखादा बारीक धागा लोखंडाला टेकला, तरी गाडीच्या दृष्टीने कोणीतरी बटण दाबलेले असते.

तार स्थिर आहे आणि स्टिअरिंग फिरते, त्यामुळे या दोघांच्या मध्ये घसरता संपर्क लागतो. एका बाजूला पितळी किंवा तांब्याची रिंग, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगने तिच्यावर दाबलेला कार्बनचा किंवा पितळेचा ब्रश. रिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये फायबरचे किंवा हायलमचे (करंट न वाहणाऱ्या कडक शीटचे) इन्सुलेशन असते. चाळीस वर्षांत ब्रश झिजतो, त्याची काळी पूड ग्रीसमध्ये मिसळते आणि हे काळे ग्रीस इन्सुलेशनवर पसरून स्वतःच करंट वाहू लागते. डावीकडे वळताना वाजतो आणि उजवीकडे नाही, याचा अर्थ एका ठरावीक कोनात काहीतरी टेकते आहे. रिंग थोडी वाकडी असेल, ब्रशची खोबण तुटून ब्रश तिरका बसला असेल, किंवा इंडिकेटरच्या स्विचजवळ तार ताणली जाऊन कडेला घासत असेल. माझ्याकडे आलेल्या गाड्यांत तिसरे कारण सगळ्यात जास्त वेळा निघाले, कारण इंडिकेटर किंवा गिअरच्या लिव्हरच्या कामासाठी कोणीतरी आधी कॉलमचे आवरण उघडलेले असते आणि तार पूर्वीच्या जागी परत बसवलेली नसते.

कामाला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. हॉर्नची वायर इग्निशन बंद असतानाही जिवंत असू शकते, त्यामुळे चावी काढली म्हणजे काम झाले असे समजू नका.

आता बटण काढणे. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट या नावाने बनत आली, सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत बनत राहिली. एवढ्या मोठ्या काळात स्टिअरिंग आणि बटण बदलत गेले, शिवाय मधल्या मालकांनी मिळेल ते बसवले. म्हणून तुमच्या गाडीवर काय आहे ते आधी डोळ्यांनी पाहा. स्टिअरिंगच्या दांड्यांच्या मागच्या बाजूला बारीक स्क्रू दिसले तर बटण तिथून धरलेले आहे, पुढून ओढू नका. स्क्रू नसतील तर बटण दाबून किंचित घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून पाहा. खाचेत फिरवून अडकवलेले असेल तर सुटेल. तेही नसेल तर ते कडेच्या स्प्रिंग क्लिपवर दाबून बसवलेले आहे आणि उचकटावे लागेल. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर नको. आईस्क्रीमची चपटी लाकडी काडी घ्या, एका जागी जोर न लावता गोल फिरत थोडे थोडे उचला. जुने प्लास्टिक थंडीत काचेसारखे तडकते, तेव्हा नाशिकच्या डिसेंबरातली सकाळ या कामाला योग्य नाही. दुपारी गाडी तासभर उन्हात ठेवा आणि मग हात घाला.

बटण सुटताना आतली स्प्रिंग उडते. एक हात वर धरा. आतले तुकडे ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पांढऱ्या कापडावर ओळीने मांडा आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढा. वॉशरची कोणती बाजू वर होती हेही फोटोत दिसू द्या. एक हायलमचा वॉशर चुकीच्या जागी बसला तरी हॉर्न अखंड वाजतो आणि तो क्रम आठवून शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

तुमचे जुने तडकलेले बटण टाकू नका, ते उघडून नीट पाहा. आतल्या तांब्याच्या पातीवर बहुतेक एक काळा, खोलगट ठिपका असेल, उडदाच्या डाळीएवढा, कडा किंचित वर आलेल्या. बटण सोडताना प्रत्येक वेळी तिथे ठिणगी पडत होती. हॉर्न ही कॉइल आहे आणि कॉइलचा करंट तोडताना ठिणगी उडतेच. ठिपका मोठा असेल तर या गाडीला कधीतरी दोन मोठे हॉर्न लावले गेले आणि सगळा भार या पातीवरून गेला, असे खुशाल समजा. त्यावर उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच; त्याबद्दल पुढे लिहितो.

बटण पूर्ण बाहेर आहे, बॅटरी सुटी आहे, आता खालचा दोष शोधा. बॉनेट उघडून हॉर्नपाशी जा आणि कॉलमकडे जाणारी तार हॉर्नवरून काढा. कोणती ते कळत नसेल तर दोन्ही काढा, खुणेची चिकटपट्टी लावून. मल्टिमीटर बझरवर ठेवा, म्हणजे दोन टोकांत जोड असला की तो वाजेल. एक टोक स्टिअरिंगच्या मध्यावरच्या संपर्काला, दुसरे बॉडीच्या उघड्या लोखंडाला. बझर गप्प हवा. आता दुसऱ्या कोणालातरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायला सांगा. तुमच्या बाबतीत डावीकडे कुठेतरी बझर वाजेल अशी माझी खात्री आहे. जिथे वाजेल तिथे स्टिअरिंग थांबवा आणि त्या कोनात काय कशाला टेकते आहे ते टॉर्चने शोधा. मग मीटरचे एक टोक मध्यावरच्या संपर्कावर आणि दुसरे हॉर्नपाशी काढलेल्या तारेच्या टोकाला लावून पुन्हा फिरवा. या वेळी बझर सलग वाजला पाहिजे. मध्येच तुटला तर ब्रश रिंगवरून उचलला जातो आहे. बटण बसवण्याआधी या दोन तपासण्या केल्या की उरलेले काम अर्ध्यावर येते.

बझरने दोष दाखवला आणि तो वरून दिसत नसेल तर स्टिअरिंग उतरवावे लागेल. पुढची चाके सरळ करा. शाफ्टवर आणि स्टिअरिंगच्या बॉसवर (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागावर) एकाच रेषेत टोकदार सुईने बारीक खूण करा. खाचा बारीक असतात. एक दात चुकला तरी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके दिसते आणि इंडिकेटर वळणानंतर आपोआप परत येण्याचे गणितही बिघडते. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. अडकलेले स्टिअरिंग सुटते ते एकदम, आणि नट नसेल तर ते थेट तोंडावर येते. मागून हातोडी मारून काढण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते, पण तो धक्का कॉलमच्या बेअरिंगला आणि स्टिअरिंग बॉक्सला बसतो. पुलर, म्हणजे स्टिअरिंग ओढून काढायचे हत्यार, वापरा. स्वतःकडे नसेल तर भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणा.

उतरवल्यावर काळे ग्रीस रॉकेलने नको, कॉन्टॅक्ट क्लीनरने किंवा पेट्रोल लावलेल्या फडक्याने पुसा, हवेशीर जागी. रिंग बारीक, सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने उजळा; जाड पेपरचे ओरखडे नवा ब्रश महिन्याभरात खातात. ब्रशची खोबण तुटली असेल तर ती बदला. घासलेल्या तारेवर चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका. उन्हाळ्यात कॉलमच्या आत पट्टीचा डिंक वितळतो आणि पट्टी सरकते. खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी तार जोडा, जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) घाला, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवताना तार ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवून तिला मूळच्या क्लिपमध्ये बसवा. रिंगवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात पुरे. ग्रीस भरायचे नाही, त्यातच ब्रशची पूड मिसळून हा ताप सुरू झाला होता.

मग नव्या बटणाची खोली. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचे साधन) असेल तर उत्तम, नसेल तर स्टीलची पट्टी चालेल. खोबणीच्या कडेपासून तळाच्या संपर्कापर्यंतचे अंतर मोजा. नव्या बटणाच्या, जिथे ते कडेवर टेकते त्या खांद्यापासून आतल्या पातीच्या किंवा पिनच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा, बटण न दाबता. दोघांमध्ये दीड ते दोन मिलिमीटरचे अंतर उरले पाहिजे. कमी असेल तर गाडी खड्ड्यात आदळली तरी हॉर्न वाजेल, आणि उरलेच नसेल तर तुमच्यासारखे होईल. अडीच-तीनच्या पुढे गेले तर अंगठा पूर्ण दाबूनही कधी वाजेल, कधी नाही.

अंतर कमी पडत असेल तर लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे स्प्रिंग कापतात. त्याने काम बिघडते. स्प्रिंगचे वेढे कमी केले की उरलेली स्प्रिंग आणखी कडक होते, आणि कापलेले टोक सपाट न राहिल्यामुळे ती तिरकी बसून पातीला एका बाजूने दाबते. त्याऐवजी बटणाच्या खांद्याखाली एक किंवा दीड मिलिमीटरच्या हायलमच्या शीटची रिंग कापून बसवा. मोटार रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात हायलमचा तुकडा मिळतो. किंवा जुन्या बटणाची स्प्रिंग आणि पाती चांगली असेल तर ती नव्या आवरणात बसते का पाहा. जुनी पाती पॉलिश करून पुष्कळदा नव्या पातीपेक्षा सरस निघते. बटण सैल बसत असेल तर कडेला कापडी टेपचा एक पातळ थर द्या. झटपट चिकटणारा डिंक मात्र काळ्या प्लास्टिकजवळ नेऊ नका, त्याच्या वाफेने प्लास्टिकवर पांढुरकी साय चढते आणि ती पुसून जात नाही. शिवाय पुढच्या वेळी बटण काढताना बॉस फुटतो.

दुसरे बटण शोधायचेच झाले तर पुण्यात नाना पेठेतली जुनी दुकाने आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरल्या, त्यांचे सुटे भाग अजून बाजारात फिरतात. टॅक्सीचे बटण वरून चकचकीत दिसले तरी आतली पाती पाहिल्याशिवाय घेऊ नका. दिवसभर हॉर्नवर हात असलेल्या गाडीचे बटण आहे ते. आणि नमुना म्हणून आपले तुटके बटण सोबत न्या. नुसते 'पद्मिनीचे बटण द्या' म्हणालात तर दुकानदार देईल ते पद्मिनीचेच असेल, पण तुमच्या पद्मिनीचे असेलच असे नाही.

बटण बसले, हॉर्न दाबल्यावरच वाजतो, पण घोगरा वाजतो, असे झाले तर अर्थ तपासा. बॅटरी जोडा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक हॉर्नच्या कॉलमकडे जाणाऱ्या टर्मिनलवर, काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर. कोणालातरी बटण दाबायला सांगा. दाबलेले असताना तिथे 0.3 व्होल्टच्या आत दिसले तर रस्ता साफ आहे. एक-दोन व्होल्ट दिसले तर तेवढा दाब बटण आणि अर्थच्या वाटेवर वाया जातो आहे. ती वाट शाफ्टमधून, बेअरिंगमधून, ग्रीसमधून आणि रंग दिलेल्या ब्रॅकेटमधून जाते. पुन्हा रंगवलेल्या गाड्यांत हा त्रास हमखास असतो. कॉलमचा क्लॅम्प बोल्ट काढून खालचा रंग खरवडा, आणि कॉलम किंवा स्टिअरिंग बॉक्सपासून बॉडीपर्यंत एक वेगळी अर्थची तार ओढा. हॉर्नच्या मागचा ॲडजस्टिंग स्क्रू पिरगळून आवाज सुधारण्याचा प्रयत्न ही तपासणी झाल्यावरच, तोही एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही.

रिलेबद्दल. एक साधा हॉर्न चार-पाच अँपिअर घेतो, जोडी लावली की आठ-दहा. रिलेची कॉइल मात्र 0.2 अँपिअरच्या आसपास घेते. एवढाच भार बटणाच्या पातीवरून गेला तर ठिणगी जवळजवळ नाहीशी होते आणि नवे बटण वर्षानुवर्षे टिकते. तुमच्या गाडीत आधी रिले नसेल तर चार पिनचा साधा रिले घ्या. 30 क्रमांकाच्या पिनवर बॅटरीकडून येणारी तार, बॅटरीजवळच 15 अँपिअरचा फ्यूज घालून. 87 वरून हॉर्नला. 86 वर त्याच फ्यूजनंतरचा करंट, आणि 85 वर कॉलममधून येणारी जुनी तार. हॉर्नचे दुसरे टर्मिनल आता थेट बॉडीला. मोठ्या भाराच्या तारा अडीच चौरस मिलिमीटरच्या घ्या, 85 आणि 86 ला एकची पुरेशी. जुनी फ्यूज बॉक्समधली तार कापू नका, टोक झाकून बांधून ठेवा, म्हणजे उद्या कोणाला गाडी मूळ अवस्थेत न्यायची असेल तर नेता येईल. हे सगळे खालचा दोष काढल्यानंतर करा. रिले लावला म्हणून घासलेली तार टेकायची थांबत नाही, उलट आता दोन्ही हॉर्न पूर्ण जोराने ओरडतील. आणि हॉर्न निवडताना एकाच सुराचाच निवडा. अनेक सुरांचे आणि कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 119 व्या नियमाप्रमाणे चालत नाहीत.

पद्मिनीच्या काही मालकांनी मूळचे काढून लाकडी किंवा चामड्याचे स्पोर्ट्स स्टिअरिंग बसवलेले असते, त्यांच्यासाठी एवढेच. इटालियन पद्धतीच्या चाकांना सहा बोल्ट असतात, पण मोमोच्या मापात ते 70 मिलिमीटरच्या वर्तुळावर आणि नार्डीच्या मापात 74 च्या वर्तुळावर असतात. जवळजवळ बसते म्हणून भोके वाढवू नका, हे स्टिअरिंग आहे. बटण घेताना मागे एक टर्मिनल आहे की दोन ते बघा. एकच असेल तर त्याला अर्थ धातूच्या बॉसमधून मिळायला हवा, आणि ॲल्युमिनियमच्या बॉसवरचा काळा किंवा रंगीत ॲनोडाइज्ड थर करंट वाहू देत नाही. तिथे दोन टर्मिनलचे बटण घेऊन अर्थची तार बॉसच्या बोल्टखाली, थर खरवडून जोडा.

मेकॅनिकच्या बेलच्या बटणाला माझा विरोध का, तेही सांगतो. घरातल्या एसी विजेसाठी बनवलेल्या त्या स्विचला डीसीची कॉइल तोडण्याची सवय नसते, त्यामुळे त्याचे संपर्क लवकर जळतात. पण मुख्य कारण वेगळे आहे. कॉलममधली घासलेली जिवंत तार तशीच राहते, आणि एखाद्या रात्री पार्किंगमध्ये तापमान बदलून ती टेकली की बॅटरी उतरेपर्यंत हॉर्न वाजतो. शिवाय समोर पोर धावत आले तर हात आपोआप स्टिअरिंगच्या मध्यावर जातो, डॅशबोर्डखाली चाचपडत नाही. तात्पुरती तपासणी म्हणून तारेला लावायला ते बटण ठीक आहे, गाडीत ठेवायला नाही.

शेवटी बसवताना क्रम असा ठेवा: स्टिअरिंग खुणेवर, लॉक वॉशर, नट वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कने, मग बझरची तपासणी पुन्हा एकदा डावी-उजवी पूर्ण, मग बटण, मग बॅटरी. गाडी चालू करून जागच्या जागी दोन्ही टोकांपर्यंत वळवा, मग एखाद्या खडबडीत रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे फिरवून आणा. तरीही वाजला तर खोबणीच्या आतला फोटो, नव्या बटणाच्या मागचा फोटो आणि दोन्ही मापे पाठवा. त्यावरून हायलमची रिंग किती मिलिमीटरची कापायची ते सांगता येईल.